अप्पांना बसलेला दाब

लग्नाआधी, आमच्या गिरीज गावातल्या घरात, दुपारी जेवून आडवं झालं की मला दाब बसायचा. डोळे उघडे, वर पंखा फिरताना दिसतोय, मोरीत भांडी वाजताना ऐकू येतायत, आणि करंगळीसुद्धा हलत नाही. छातीवर कुणीतरी बसलेलं. ओरडायला जावं तर जीभ उचलत नाही. ज्याला हे कधी झालं नाही तो हसतो. हसू दे. मला मरणाची भीती वाटायची, आणि घरातली माणसं मला झोपलेली समजून शेजारून ये-जा करतायत याचं त्याहून वाईट वाटायचं.

घरचा नियम असा की दाब बसलेल्याला हात लावायचा नाही. हलवलं की छातीवरचा बिथरतो आणि मग सोडत नाही. उशीखाली केळी कापायचा कोयता सरकवायचा, जवळ बसायचं आणि शांतपणे बोलत राहायचं. माझ्या वेळी हे काम अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. वाडीत पाणी लावून चिखलाच्या पायांनी यायचे, तसेच उशाशी बसायचे. "भिऊ नको पोरी, उठेल तो आपोआप," एवढंच म्हणत राहायचे. थोड्या वेळाने अंग सुटायचं आणि मी रडायचे.

लग्न होऊन फुलपाड्याला फ्लॅटमध्ये आले, तिथेही दाबाने मला शोधून काढलं. नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदू जागा होतो आणि अंग झोपेतच राहतं, दोन-चार मिनिटांत सुटतं, धोका काही नाही. मी हे गिरीजला जाऊन ऐटीत अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, मग आम्ही तरी वेगळं काय सांगत होतो? खरंच, कोयता सोडला तर दोघांचं म्हणणं एकच होतं.

आई गेल्यावर दर रविवारी मी अप्पांना करून घालायला जायचे. त्या रविवारी जेवून ते पडवीत चटईवर पडले. मी भांडी घासून बाहेर आले तर डोळे उघडे, नजर माझ्यावर, आणि हालचाल नाही. हाक मारली, ओठ हलले नाहीत. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. माझीही यायची. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. चला, म्हटलं, आज तुमच्यावर बसला वाटतं.

कोयता आणून उशीखाली सरकवला आणि शेजारी बसले. हात लावला नाही. "भिऊ नका अप्पा, उठेल तो आपोआप," म्हणाले. मग बोलतच राहिले. मुलीची परीक्षा, आमच्या सोसायटीचं पाणी, नारळ पाडणाऱ्या माणसाच्या खोट्या सबबी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही मला ओळखीचंच वाटलं. घड्याळाकडे बघायचं काही सुचलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती मीच.

शेजारची वहिनी कढीपत्ता मागायला आली. तिने अप्पांचं तोंड पाहिलं, पुढे झाली आणि त्यांचा उजवा हात उचलून सोडला. हात चटईवर आपटला. तेव्हा चार वाजले होते. मी तीनच्या आधीच बसले होते.

हॉस्पिटलात विचारलं, कधीपासून असं आहे? मी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच म्हणाले. अर्धांगवायू होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं कायमचं गेलं.

त्यानंतर अप्पा वर्षभर माझ्याकडे फुलपाड्याला होते. हो असेल तर डोळे एकदा मिटायचे, नाही असेल तर उघडे ठेवायचे, असं आमचं ठरलं होतं. पेजेत मीठ हवं का, कुशीवर वळवू का, सगळं त्यावरच चालायचं. ज्या माणसाने शंभर माडांची वाडी एकट्याने शिंपली, त्याला मी मीठ विचारत होते.

मनातलं विचारायला मला पाच महिने लागले. एका सकाळी त्यांचं अंग पुसताना विचारलं, अप्पा, त्या दुपारी मी बोलत होते ते ऐकू येत होतं का? त्यांनी डोळे मिटले.

मग पुढचं विचारलं. "तुम्हालाही तो दाबच वाटला ना?"

मला हो हवं होतं. म्हणजे चूक आम्हा दोघांची झाली असती. ओला पंचा हातात धरून मी थांबले. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, डोळे उघडे ठेवून.