शिफाच्या हातातली पानं

शिफा मन्सुरी पहिल्यांदा डोळ्यात भरली ती शेवगावात, वडील खाजाभाईंच्या गादीच्या दुकानात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खाजाभाई नव्या गादीवर चादर अंथरून द्यायचे आणि तिथे बायकांचा मेंढीकोट रंगायचा. शेजारच्या लंकाबाईंची जोडीदार म्हणून शाळकरी शिफा बसायची. हुकमाची पानं ती दाबून ठेवायची आणि समोरच्यांचे हुकूम संपले की एकेक दश्शी शांतपणे ओढून घ्यायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची," लंकाबाई कौतुकानं म्हणायच्या.

पुढे कॉलेजला नगरला गेल्यावर तिला पत्त्यांचा नवाच खेळ भेटला. यात प्रत्येकाचा कॅट वेगळा. पानं जमवायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि आपल्या डोक्यानं कॅट बांधायचा. काही पानं एकापाठोपाठ पडली की समोरचा एका दमात आडवा होतो. मुलं त्याला कॉम्बो म्हणतात. शिफाच्या कॅटमध्येही कॉम्बो होता, पण सवय मेंढीकोटाची. ती नवी पानं ओढत राही, हात भरत राही.

कॉलेजांच्या जिल्हा स्पर्धेत ही सवय तिला नडली. अंतिम फेरीत हर्षल नावाच्या धडाक्यानं खेळणाऱ्या मुलानं तिला हरवलं, तेव्हा कॉम्बोची सगळी पानं तिच्या हातातच होती.

"ताई, यांचं काय घरी नेऊन लोणचं घालणार?" हर्षल म्हणाला.

लंकाबाईंनीही सोडलं नाही. "हुकूम घेऊन घरी आलीस व्हय? समोरचा मोकळा झाला की मारायचं. त्याच्या आधी न्हाई, अन् मागून बी न्हाई."

पुढचं वर्ष कॉलेजचं शेवटचं. जिल्ह्यात जिंकणारा पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होता आणि शिफाला ही एकच संधी उरली होती. मैत्रिणी म्हणाल्या, पानं ओढणं सोड, नुसता मारा भर. तिनं तसं केलं नाही. नवी पानं ओढू देणारी थोडी पानं कॅटमधून कमी केली, समोरच्याला अडवणारी थोडी वाढवली.

अंतिम फेरीत पुन्हा हर्षलच समोर आला. या वेळी खाजाभाई आणि लंकाबाईही बघायला आले होते. हर्षलनं आल्याआल्या कॉम्बो सुरू केला. शिफानं एक पान टाकून तो मधेच तोडला. त्यानं हातातली पानं ओतून पुन्हा जुळवला, तिनं पुन्हा तोडला. आता हर्षलच्या हातात एकच पान राहिलं. शिफाचा हात भरलेला होता आणि कॉम्बो तयार होता. आणखी एक अडवणारं पान येईपर्यंत थांबावं, असं जुनी सवय सांगत होती. ती हर्षलच्या त्या एका पानाकडे बघत राहिली. ते अडवणारं असतं, तर स्वतःचा कॉम्बो वाचवायला त्यानं ते कधीच खर्चलं असतं. मात्र एक पाळी थांबलं, तर त्याला नवं पान मिळणार होतं.

शिफानं कॉम्बोची पानं एकापाठोपाठ खाली ठेवली. हर्षलनं आपलं उरलेलं पान उताणं करून दाखवलं, ते अडवणारं नव्हतंच, आणि हात पुढे केला. "मानलं, ताई."

"कुनी जिंकलं?" लंकाबाईंनी विचारलं.

"आपली शिफा," खाजाभाई म्हणाले. खेळातलं त्यांना काही कळलं नव्हतं, पण परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला तिकीट मागण्याआधी निकाल सांगितला.

पुण्यात ती उपांत्य फेरीपर्यंत गेली. सध्या शिफा शेवगावातच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि जिल्हा स्पर्धेला पंच म्हणून नगरला जाते.