प्रमुख पाहुण्याची ओव्हर

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.कॉम. झालो तेव्हा तालुक्याच्या शाळेत गुरुजींनी मला नारळ दिला आणि वडील सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसत बसले. त्या नारळाच्या बळावर मी मुंबईला आलो आणि अंधेरीतल्या एका कंपनीत हंगामी कारकून म्हणून लागलो.

त्या काळी मोठ्या कंपन्या क्रिकेटपटू पदरी बाळगत. कंपन्यांच्या आपापसात स्पर्धा असत, त्यासाठी खेळाडूंच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असत. खेळाडू सकाळी मस्टरवर सही करी, चहा पिई आणि सरावाला जाई. त्याच्या टेबलावरचं काम दुसरा कोणी करी. आमच्याकडे एक कसोटी खेळलेला फलंदाज होता आणि त्याचं काम माझ्याकडे होतं. एकदा तो पर्सोनेल मॅनेजरच्या दारात उभा राहून म्हणाला, "या पोराला कायम करून टाका हो. हा गेला तर मला काम करावं लागेल." सगळे हसले. पुढच्याच महिन्यात मी कायम झालो. आजही माझ्या घरातली चूल त्या एका वाक्यावर पेटली, असं मी मानतो.

पुढे त्याचं खेळणं संपलं. टीव्हीवर तो गप्पांचा कार्यक्रम करू लागला. समोर आलेल्या माणसाची नक्कल करून त्यालाच हसायला लावणं ही त्याची हातोटी. मग त्याला पक्षाचं तिकीट मिळालं आणि तो आमच्याच भागातून विधानसभेला उभा राहिला. देशाचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नव्हतं, पण वस्तीत सगळे त्याला कप्तानच म्हणत.

मी दिंडोशीला एका मालवणी बाईंकडे पोटभाड्याने राहत होतो. मी त्यांना मावशी म्हणत असे. त्यांचे यजमान गिरणीतून घरी बसले होते. थोरला मुलगा डावखुरी फिरकी टाकायचा आणि आठवडाभर एका कारखान्यात खोकी बांधायचा. खेळाडूंच्या जागेवर आमच्या कंपनीत लागायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. आमची कंपनी पंचविशी उलटलेल्याला घेत नसे आणि त्याला पंचविसावं लागलं होतं. माझं काम एका वाक्यात झालं, हे त्याला मीच हौसेने सांगितलं होतं. तो जेवताना पुन्हा पुन्हा विचारी, "खरंच एवढंच बोलला? आणि झालं?"

प्रचारात कप्तान आमच्या मैदानावर आला. प्रमुख पाहुण्याने एक ओव्हर खेळायची, हा तिथला रिवाज. मॅटिंग अंथरतात, कोणीतरी हळू चेंडू टाकतं, पाहुणा दोनचार फटके मारतो, टाळ्या होतात. पाहुण्याला आऊट करत नाहीत, हे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या वस्तीला तर तेव्हा सार्वजनिक नळ हवा होता. बायका टेकडीखालून हंडे आणत होत्या.

कप्तानाने माईक हातात घेतला. "कोण टाकणार? तू? काय टाकतोस रे?"

"डावखुरी फिरकी, साहेब," थोरला म्हणाला.

"झकास! ऐका रे सगळे. यानं माझी दांडी उडवली, तर आमच्या ऑफिसात नोकरी याची. माईकवर बोलतोय, नंतर पलटी नाही मारणार."

लोक हसले. तो एकटा हसला नाही. रिवाज त्यालाही ठाऊक होता. पण ज्याच्या एका वाक्याने माझी नोकरी कायम झाली, तोच माणूस चारचौघांत शब्द देत होता.

यष्टींमागे मला उभं केलं होतं. पहिलाच चेंडू बाहेर पडला आणि असा आत वळला की कप्तानाची बॅट हवेत राहिली. मधली दांडी आडवी झाली. पंच म्हणून वस्तीच्या कमिटीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांनी आधी कप्तानाकडे पाहिलं, मग हात आडवा केला.

"नो बॉल!"

"ओ सेक्रेटरी, बेल्स पडल्यावर आठवलं काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

कप्तानाने वाकून पंचांना नमस्कार केला. "पंचांचा शब्द अंतिम!" पुन्हा हशा. मी दांडी रोवली, बेल्स वर ठेवल्या.

दुसरा चेंडू सरळ पॅडवर. थोरल्याने गुडघ्यावर बसून अपील केलं. सेक्रेटरी ढगांकडे बघत होते. तेवढ्यात कडेच्या बायकांतून मावशींचा आवाज आला. "मारूंक दी रे त्येंका! नळ नको काय आमका?"

सगळं मैदान खदखदलं. थोरल्याने आईकडे पाहिलं. मग त्याने दोन पावलांवरून तिसरा चेंडू टाकला, सरळ बॅटवर पडणारा फुलटॉस. कप्तानाने तो पत्र्यांच्या छपरावर भिरकावला. ढोल वाजले.

कप्तानाने माईक मागवला. थोरल्याच्या गळ्यात हात टाकला. "याला मी नोकरी देणार होतो, हां. पण इतका सोपा सिक्सर देणाऱ्याला टीममध्ये घेऊन करू काय? बॉल आणायला ठेवू?" मग त्याने थोरल्यासारखं गुडघ्यावर बसून अपील करून दाखवलं, तोंड रडवेलं करून. लोक पोट धरून हसले. मावशीही पदर तोंडाला लावून हसल्या. थोरला गळ्यातला हात निघेपर्यंत उभा राहिला.

कप्तान निवडून आला. तीच नक्कल त्याने टीव्हीवरही केली. वस्तीत थोरल्याला सगळे "नो बॉल" म्हणू लागले. लहान पोरं त्याला बघून हात आडवा करत.

वर्ष सरत आलं. कप्तान एकदा ऑफिसात जुन्या माणसांना भेटायला आला, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "साहेब, त्या मुलाचा पहिला चेंडू नो बॉल नव्हता. त्याचं वय उलटायच्या आत एक शब्द टाकलात तर..."

"मला सांगतोस?" तो बिस्कीट चहात बुडवत म्हणाला. "आयुष्य गेलं माझं तिथे. फिरकीवाला कुठे नो बॉल टाकतो? हात सोन्याचा आहे त्याचा. पण मग फुलटॉस का दिला? आईने हाक मारली म्हणून? उद्या फायनलला आई येऊन बसली तर?" त्याने मला दुसरं बिस्कीट दिलं. "हात मात्र वाया घालवू नको म्हणावं. रविवारी शूटिंगला पाठव. मी टीव्हीवर बॅटिंग शिकवतोय. तिथे तसलेच बॉल लागतात."

कंपनीत दुसराच फिरकीवाला लागला. थोरला रविवारी शूटिंगला जाऊ लागला. जेवण मिळे, टॅक्सीने सोडत.

धडे दाखवायला लागले तेव्हा मावशींच्या खोलीत अर्धी वस्ती बसे. कॅमेरा कप्तानावर असे. गोलंदाजाचा फक्त कोपरापासूनचा हात यायचा, तोही क्षणभर.

"तो बघा, तो हात माझ्या झिलाचो!" मावशी ओरडत. "मनगटावर काळो दोरो दिसलो? मीच बांधलंय."

"नो बॉलचा हात टीव्हीवर!" एक शेजारी म्हणाला.

पडद्यावर कप्तानाने फुलटॉस सीमेपार केला आणि आपल्याकडे बघून सांगितलं, "असा बॉल मिळाला की दया करायची नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी सगळ्यांत जोरात. थोरला दाराशी बसला होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं, उठून हंडा उचलला आणि नळावर गेला. पाणी त्याच वेळेला यायचं.