नैवेद्याआधीचा घास

ही हकीकत मी बरीच वर्षं चुकीची सांगत आले. हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणायचं, "सांगा ना हो, तुमच्याकडे देवी आली होती ते." मीही पदर सावरून सुरू व्हायचे. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, माझेही यायचे. खोटं असं त्यात फारसं नव्हतं. एका बाईचं नाव मात्र त्यात नव्हतं. आज ती हकीकत घडली तशी लिहिते आहे. 

आम्ही तेव्हा अकोल्याला राहत होतो. यजमान एका जिनिंगमध्ये कारकून होते. दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि एकुलती एक मुलगी नलू. दहाव्या वर्षी ती एकाएकी वाळायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि रात्रीतून पाच वेळा उठायची. मी दृष्ट काढली, अमरावतीला नेऊन अंबादेवीची ओटी भरली, आणि तिथल्याच एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काचनळीत निळं औषध घेऊन त्यात नलूच्या लघवीचे थेंब टाकले आणि दिव्यावर तापवलं. नळीतला रंग विटकरी झाला. "लहानपणीचा मधुमेह आहे. रोज सुई, जन्मभर," ते म्हणाले. बाहेर आल्यावर मी मंदिराकडे पाठ करून टांग्यात बसले. इतका राग मला देवीचा कधी आला नव्हता.

पण राग किती दिवस पुरतो? मी सुई द्यायला शिकले. काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासायची, इन्सुलिनची बाटली सरकारी दवाखान्यातून आणून माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवायची. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुसरा इलाज नव्हता. नळीत रंग निळाच राहिला की नलू नाचायची. हिरवा झाला की गप्प, आणि विटकरी झाला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही. डॉक्टरांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या होत्या. सुई दिल्यावर जेवण लांबवायचं नाही, आणि मुलीला खेळू द्यायचं, पळू द्यायचं. पहिली मला पाठ होती. दुसरी मी ऐकून सोडून दिली.

नलू बारा वर्षांची होती त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांची ही गोष्ट. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी महानैवेद्य. सोळा भाज्या, कढी, ज्वारीची आंबील, पुरणपोळी, सगळं सोवळ्यात. नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात घास जात नाही. ही शिस्त मला सासूने घालून दिली होती असं मी सांगू शकले असते. पण त्या तर मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी गेल्या. त्यानंतरची सगळी हौस आणि सगळा कडकपणा माझाच होता.

नलूला पुरण फार आवडतं. वर्षभर तिला गोड नाही, निदान आज मनसोक्त खाऊ दे, असं मला वाटलं. साडेदहाला नैवेद्य होईल असा माझा हिशोब होता. म्हणून स्वयंपाक उरकून नैवेद्यासाठी पुन्हा सोवळं नेसण्याआधी दहा वाजता मी तिला सुई दिली, आणि पुरणासाठी म्हणून पिचकारीच्या दोन रेघा जास्त भरल्या. मला माझ्या अकलेचं कौतुकच वाटलं. सकाळपासून तिच्या पोटात अर्धा कप दूध तेवढं होतं.

आणि मग शेजारचं रांगतं मूल कसं कोण जाणे स्वयंपाकघरात आलं आणि माझ्या पायाला बिलगलं. सोवळं मोडलं. पुन्हा आंघोळ, पुन्हा ओलं नेसणं, आणि वरण-भात पुन्हा नव्याने चढवला. साडेअकरा झाले. नलू दारात येऊन म्हणाली, "आई, भूक लागली गं." मी म्हटलं, "झालंच हं. तोवर केळीची पानं घेऊन ये." ती गेली. सुईचं मला आठवत होतं. विसरले असते तर आज थोडं हलकं वाटलं असतं. मला आठवत होतं आणि मनात आलं, एवढ्याने काय होतंय.

पानं घेऊन ती परत आली आणि ओसरीवरच बसली. सवाष्णी जमल्या होत्या. आतून मला एकदम गलका ऐकू आला. "अवं बाई, पोरीच्या अंगात आलं! महालक्ष्मी आली!" मी बाहेर धावले. नलू घामाने निथळत होती, थरथर कापत होती. डोळे भलतीकडे, आणि तोंडाने काहीतरी असंबद्ध बोलत होती. बायकांनी तिच्या कपाळभर हळदीकुंकू थापलं होतं. दोघी-तिघी तिच्या पाया पडत होत्या.

इथे मी दर वेळी थांबते. मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. मला धन्य वाटलं. दोन वर्षं देवीने मला जे सोसायला लावलं त्याचं आज माप मिळालं, माझ्या दुखणाईत लेकीला तिने निवडलं, असं वाटलं. मी आत जाऊन निरांजन आणलं आणि माझ्या बुडत चाललेल्या पोरीला ओवाळलं.

तेवढ्यात रस्त्यावरून एक आवाज आला. "ओ बाई! काय करून राह्यल्या तुमी? अंगात नाई आलं तिच्या, साखर उतरली पोरीची!" एक काळीसावळी, उंच बाई फाटक लोटून आत येत होती. निळ्या काठाचं पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी. सरकारी दवाखान्यातली आया होती ती. तिच्या वस्तीतल्या लोकांनी नागपूरला बौद्ध धर्म घेतला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली असतील. आमच्या आळीत सगळ्यांना ती कोण ते माहीत होतं. कुणीतरी म्हणालं, "शिवू नको, सणाचा दिवस हाय!" तिने त्या बाईकडे बघितलंसुद्धा नाही. "सुई घेते नं हे पोरगी? म्या पायलं इले दवाखान्यात," एवढं बोलून तिने हळदीकुंकवाच्या तबकातल्या साखरेच्या वाटीत हात घातला. मूठभर साखर तांब्यातल्या पाण्यात कालवून तिने नलूचं डोकं मांडीवर घेतलं, आणि बोटाने गालाच्या आत थोडी थोडी चोळत राहिली. मग घोट घोट पाजलं. बायका मागे सरल्या. 

पाव तासाने नलूने डोळे नीट उघडले. मला पाहिलं आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "आई."

मी सोवळ्यात होते. नलू ओवळी होती, त्या बाईच्या मांडीवर होती. माझे दोन्ही हात आपोआप वर गेले, खांद्यापर्यंत, कुणी अंगावर येताना आपण धरतो तसे. मी म्हटलं, "थांब बाळा, नैवेद्य होऊ दे."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाई, हे साखर अर्ध्या घंट्याची. पोरीले आधी जेवू घाला. तुमची देवी भुकी राह्यली तं काई होणार नाई तिले. हे लेकरू नाई राहू शकत."

मी आत गेले. दोन्ही मुखवट्यांसमोर वाढलेलं ताट होतं. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे, बहुतेक क्षणभरच. काही आवाज आला नाही, फूल पडलं नाही. फक्त एकाएकी मला कळलं की हे ताट मी अडवून धरलं आहे, देवीने नाही. ती तर केव्हाची बाहेर ओसरीवर वाट बघते आहे. माझ्या आयुष्यात कृपा म्हणून काही झालं असेल तर तेवढं कळणं. मी देवीपुढचं ताट उचललं आणि नलूपुढे ठेवलं.

एवढं कळूनही मी ते जमिनीवर ठेवून पुढे सरकवलं. तिच्या हातात दिलं नाही.

नलू जेवली. ती बाई तिचं जेवण होईपर्यंत पायरीवर बसून राहिली. उठली तेव्हा मी पुरणपोळी घेऊन पुढे झाले आणि तिच्या पदरात टाकावी म्हणून हात उंच धरला. तिने पदर पुढे केला नाही. म्हणाली, "वरून टाकलेलं आता आमी घेत नाई, बाई." पिशवी उचलून ती फाटकाबाहेर गेली. मी तिचं नाव विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, सवाष्णीच्या रूपात साक्षात महालक्ष्मी आली आणि पोरीला साखर भरवून गेली. हे कुणी सुरू केलं मला ठाऊक नाही. मी ते थांबवलं नाही, आणि महिन्याभरात मीच सर्वांत चांगलं सांगायला लागले. देवी आली म्हटलं की सगळं शोभून दिसत होतं. देवीला कुणी शिवू नको म्हणत नाही, आणि देवीपुढे वर गेलेले हात जोडायलाच गेले असं कुणालाही वाटावं.

त्या दिवसाचा धसका घेऊन मी नलूला अगदी कोंडून घातलं. शाळेतलं हुतुतू बंद, लेझीम बंद, मैत्रिणींबरोबर नदीवर जाणं बंद. शाळा ते घर, घर ते शाळा. दवाखान्यातून बाटली आणायला तेवढी ती एकटी जायची, आणि तिथे तिला फार वेळ लागायचा. मी समजायचे, रांग असेल.

ती सोळा वर्षांची असताना धुणं धुताना तिच्या परकराच्या खिशात मला गुळाचा खडा सापडला. मी आकाशपाताळ एक केलं. चोरून गोड खातेस, आईचा जीव घेतेस, काय काय बोलले. तिने खडा माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "खायला नाही ठेवला. कौसल्याबाईंनी सांगितलंय, गूळ खिशात असल्याशिवाय पळायचं नाही."

"कोण कौसल्याबाई?"

"आपल्याकडे आल्या होत्या त्या."

मग सगळं बाहेर आलं. चार वर्षं नलू दवाखान्यात जात होती ती त्यांच्याकडे. स्वतःच्या हाताने सुई घ्यायला त्यांनीच तिला शिकवलं. दवाखान्यामागच्या मैदानात त्या तिला फेऱ्या मारायला लावायच्या आणि मग तिथल्याच नळीत रंग दाखवायच्या. "पळालं की निळं येतं, आई. तू घरात बसवतेस त्या दिवशी विटकरी येतं." शाळेच्या हुतुतूच्या संघात ती दोन वर्षं खेळत होती. अख्ख्या अकोल्याला ठाऊक असावं, मला सोडून.

मी म्हटलं, "अगं, पण त्या दिवशी तर देवी..."

"आई, त्या देवी नव्हत्या. त्यांचं नाव कौसल्याबाई आहे. तू विचारलंस तरी का कधी?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी हात पसरले होते. तू तुझे वर धरलेस. मला तेवढंच आठवतं त्या दिवसाचं."

पुढे नलू अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं शिकायला गेली. आता तिथल्याच एका शाळेत मुलींना कवायत आणि हुतुतू शिकवते. रोज सायकलने जाते, सकाळी आपली सुई आपण घेते, खिशात गूळ असतोच. कौसल्याबाईही बदलीने अमरावतीला गेल्या होत्या. मागच्या वर्षी मी नलूला म्हटलं, मला त्यांच्याकडे ने. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्या थकल्या होत्या, पण नजर तीच. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "आमी सोडलं ते. बसा."

मी म्हटलं, "माझं फार चुकलं."

नेहमी लोक म्हणतात, जाऊ द्या हो, झालं गेलं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "चुकलं तं खरंच, बाई," त्या म्हणाल्या आणि कपबशी माझ्या हातात दिली. "घ्या. चा थंडा होऊन राह्यला." आमची बोटं एकमेकींना लागली. दोघींनीही काढून घेतली नाहीत.

महालक्ष्म्या मी अजून बसवते. देवीवरची माझी श्रद्धा कमी झाली नाही. उलट ती मला आता कुठे थोडी कळते आहे, असं वाटतं. शरण जाणं म्हणजे सोवळ्यात हात जोडून उभं राहणं, असं मी समजत होते. ती दारात येते तेव्हा कोणत्या मांडीवर डोकं ठेवून येईल ते ठरवणं आपल्या हातात नाही, आणि तिच्यासाठी जे अडवून ठेवलं ते सोडून देणं तेवढं आपल्या हातात असतं. आता पहिला घास नलूला, मग नैवेद्य. देवी कधी रागावली नाही. कुणी ती गोष्ट विचारली तर मी सांगते, "कौसल्याबाई आल्या होत्या." पुष्कळ जणींचा रस तिथेच संपतो.

दर वर्षी त्या दिवशी नलू अमरावतीहून येते. आत आली की मी ओल्या सोवळ्यातच पुढे होते आणि दोन्ही हात पसरते. ती हसते, पायातल्या चपला काढते, पिशवी खाली ठेवते आणि म्हणते, "आई, आधी जेवायला वाढ." वाढते मी. ती तेव्हा बारा वर्षांची होती. आता ती हात पसरत नाही.