टीव्हीतली म्हातारी

आमच्या घरातला मागून फुगलेला जुना टीव्ही अजून माळ्यावर आहे. बंद पडून बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला नवरा म्हणतो, "भंगारवाल्याला देऊन टाक की आता", आणि दर दिवाळीला मी त्याची धूळ पुसून त्याला परत जुन्या चादरीत गुंडाळून ठेवते. नवऱ्याला कारण ठाऊक असायला हवं, कारण ते माझ्या कादंबरीत आहे. पण ती त्याने निम्मी वाचून ठेवून दिली आहे.

त्या वेळी मी परभणीत कालव्याच्या एका ऑफिसात आवक-जावक सांभाळायचे. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात एक ओळ लिहायची आणि पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. गेलेल्या पत्राचंही तेच, फक्त रजिस्टर दुसरं. पत्राला उत्तर आलं नाही की स्मरणपत्र जायचं, मग दुसरं स्मरणपत्र, मग तिसरं. तिसऱ्याला मात्र उत्तर यायचं, असा अलिखित नियमच होता. इतकी वर्षं मी ते काम केलं, पण एखाद्या पत्रात काय लिहिलंय याची उत्सुकता मला एकदाही वाटली नाही. त्या नोकरीने मला दोनच गोष्टी दिल्या, महिन्याचा पगार आणि पाठकोरे कागद. रद्द झालेल्या परिपत्रकांचे गठ्ठे कपाटामागे पडलेले असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी कादंबरी लिहीत होते.

लिहिणार कधी, हाच प्रश्न होता. सकाळ नळाच्या पाण्यात आणि डब्यात जायची. नवरा एसटीत कंडक्टर. एक दिवसाआड त्याची राणीसावरगावची मुक्कामी गाडी असायची, म्हणजे तो दुसऱ्या दिवशीच घरी. ऑफिसातून येऊन भाकरी टाकून झाल्या की सात ते साडेआठ हा दीड तास माझा, असं मी ठरवलं होतं. नेमका तोच दीड तास सासूबाईंनी ठरवला होता, कारण त्यात त्यांच्या तीन मालिका लागायच्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. सासरे गेल्यावर त्या एकट्या कशा राहणार म्हणून नवऱ्याने त्यांना बोरीच्या पुढच्या आमच्या गावाहून परभणीला आणलं होतं. त्यांना विचारून आणलं का, हे मला आठवत नाही. बहुतेक नाहीच. करमावं म्हणून टीव्ही घेतला आणि आपलं कर्तव्य झालं, असं आम्ही दोघांनीही मानलं.

घर दोन खोल्यांचं. मधल्या चौकटीला दार नव्हतं. पुढच्या खोलीत टीव्ही आणि त्याच्यासमोर आत्याबाई, मागे ज्वारीच्या कोठीला पाठ लावून मी, मांडीवर पॅड.

"ही कोन गं?" आत्याबाई विचारायच्या.

"ती धाकटी जाऊ, आत्याबाई."

"आन् आता का रडायली?"

मी उठायचे, बघायचे, सांगायचे, परत बसायचे. वाक्य हातचं गेलेलं असायचं. तेवढ्यात, "हा मेला कोन घरात शिरला?" त्यांना नीट दिसायचं नाही, आणि मालिकेतली माणसं भरभर बोलायची, हे खरं. पण दर मिनिटाला? जाहिराती लागल्या की तेवढा वेळ त्या गप्प असायच्या. माझ्या कादंबरीची पहिली साठ पानं मी जाहिरातींच्या वेळात लिहिली आहेत. वाक्यं त्यामुळेच आखूड आहेत. नंतर एका परीक्षणात त्या आखूड वाक्यांचं कौतुक झालं, तेव्हा मी पोट धरून हसले.

मी तशी रागीट. तोंडाने काही बोलायचे नाही, पण कागदावर सूड घ्यायचे. कादंबरीत मी एक म्हातारी आणली. सुनेचा एक क्षण शांत जाऊ द्यायचा नाही, हे एकच तिचं काम. सून कामाला बसली की हिचे प्रश्न सुरू. कपाळाला आठ्या, जिभेला हाड नाही, आणि सगळ्या घराचं वाटोळं तिच्यामुळे. तिची पानं लिहिताना मला फार बरं वाटायचं. दिवसभर शिक्के मारून आंबलेलं डोकं हलकं व्हायचं.

त्या उन्हाळ्यात भारनियमनाने कहर केला. आमच्या भागातली लाईट रोज पावणेसातला जायची ती नऊच्या सुमारास यायची. टीव्ही बंद, लिहिणं बंद. आम्ही दोघी दारात हातपंखा घेऊन बसायचो. आत्याबाईंचा जीव मालिकेत अडकलेला. "आज काय झालं आसंल गं?" असं त्या पन्नासदा म्हणायच्या.

यावर उपाय निघाला तो ऑफिसात. आस्थापनेतल्या एक बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या आणि त्यांची लाईट रात्री उशिरा जायची. डबा खाताना त्या मला आदल्या दिवशीचा भाग सांगायच्या, तो मी संध्याकाळी दारात आत्याबाईंना सांगायचे. बाईंचं सांगणं म्हणजे टिपणी. "काही नाही हो, ती रडली, तो बाहेर गेला, मग फोन वाजला." एवढ्यावर आत्याबाईंचं कसलं भागतंय? मग ती कशी रडली, तो चपला न घालताच कसा गेला, फोनवर कोण होतं, ते मी माझ्या पदरचं घालायचे. चार दिवसांत फोनवरचं बोलणं पाव तास चालायला लागलं.

आणि आस्थापनेतल्या बाई लेकीच्या बाळंतपणाला रजेवर गेल्या.

त्या संध्याकाळी मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण आत्याबाई पाण्याचा तांब्या जवळ ठेवून, पदर सावरून बसल्या होत्या. मला नाही म्हणवेना. मी म्हणाले, "आज त्या घरात एक म्हातारी आली, आत्याबाई." माझ्या कादंबरीतली म्हातारी मी सरळ त्यांच्या मालिकेत घुसवली. तिचं आठ्या घालणं, तिचं सारखं सारखं विचारणं, सगळं रंगवून सांगितलं.

"बाई बाई बाई," आत्याबाई म्हणाल्या, "लय खवचट हाय की गं ही."

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. त्यांचाच नमुना त्यांच्यापुढे मांडलेला आणि त्या त्यालाच नावं ठेवायल्या. तीन-चार संध्याकाळी मी ही मजा घेतली. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "ती जेवती कवा?"

"कोण?"

"म्हातारी. सून जेवली, लेक जेवला, सगळं सांगितलंस. हिला कोनी वाढलं का न्हाई?"

साठ पानांत माझी म्हातारी एकदाही जेवली नव्हती. मी थातुरमातुर काही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तिला झोपायला जागा कुठं हाय? मग, तिचं पोटचं दुसरं कोनी हाय का न्हाई? रोज एक प्रश्न. मी रोज ऑफिसात शिक्के मारता मारता त्याचं उत्तर शोधायचे आणि संध्याकाळी सांगायचे.

मग एकदा, पंखा हलवता हलवता त्या म्हणाल्या, "त्या सुनेनं तिला एकदा इचारावं, की बाई, तू सारकं सारकं का इचारतीस?"

"विचारलं तर काय सांगंल ती?"

"सांगंल की. म्हनंल, मला त्यातलं काय कळत न्हाई, आन् कळून करायचं बी काय? गावाकडं दिवस मावळला की दारात सात-आठ बाया बसत व्हतो आमी. हितं दिवसभर मानसाचा आवाज न्हाई. इचारलं की कोनीतरी बोलतं."

म्हातारी गावाकडची आहे, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली. शेजारी बसलेल्या बाईला मी दोन वर्षं टीव्हीसमोर बसवून ठेवलं होतं आणि वर तिचाच राग करत होते. दुसऱ्या दिवशी आवक रजिस्टरात दोन पत्रांना मी एकच नंबर टाकला. साहेबांची बोलणी खाल्ली. त्या रविवारी दुपारी घरी ती साठ पानं काढून म्हातारीपासून परत लिहायला घेतली.

पुढे लाईटचं वेळापत्रक बदललं आणि संध्याकाळी टीव्ही सुरू झाला. आत्याबाई पडद्याजवळ सरकून बघायला लागल्या.

"ती म्हातारी कुठं गेली गं?"

"गावाला गेली असंल."

दुसऱ्या दिवशी, "आली का न्हाई आजून?" मी जाहिरातीकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या स्मरणपत्राला उत्तर द्यावंच लागतं. मी कोठीमागून कागदांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "आत्याबाई, ती टीव्हीत कधी नव्हतीच. ती हितं हाय. मीच केली."

त्यांनी कागद उलटसुलट करून बघितले. एकीकडे परिपत्रक, दुसरीकडे म्हातारी. त्यांना वाचता येत नव्हतं. आता त्या चिडणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "मंग वाच की."

तेव्हापासून त्यांनी तिसऱ्या मालिकेवर पाणी सोडलं. आठला टीव्ही बंद व्हायचा आणि साडेआठपर्यंत मी वाचायचे. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला अर्धा तास होता, आणि हे मला तेव्हाच कळत होतं. दिवसभर शिक्के मारताना मला त्याची ओढ लागलेली असायची. दोन मालिकाही मी मग त्यांच्या शेजारी बसून बघायला लागले, पॅड मांडीवरच असायचं आणि जाहिराती लागल्या की लिहायचे. ही कोन, ती का रडायली, सगळं न चिडता सांगायचे.

वाचता वाचता आम्ही शेवटच्या प्रकरणाशी आलो. त्यात म्हातारी मरते आणि सुनेला पश्चात्ताप होतो. मी ते डोळे पुसत लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं.

"मारलीस कशापायी?"

"तसा शेवट होतो, आत्याबाई."

"मारलं की तुझं काम सोपं झालं. जितीला काय करायचं, ते सांग."

"मग काय करू?"

"तिला गावाकडं धाड."

मी ते प्रकरण फाडलं. नवं लिहायला आठ-दहा दिवस लागले. त्यात म्हातारी गुडघे धरत गावच्या फाट्यावर उतरते, घराचं कुलूप उघडते, अंगण झाडते आणि दिवस मावळताना दारात येऊन बसते. एवढंच. ते वाचून झालं तशा आत्याबाई उठल्या. जेवल्या आणि झोपल्या.

सकाळी मी डबा भरत होते. बघते तर दारापाशी बोचकं बांधलेलं आणि आत्याबाई धुतलेलं लुगडं नेसून बसलेल्या.

"तिला जाऊ दिलंस," त्या म्हणाल्या. "आता मला धाड."

मुक्कामाहून आलेल्या नवऱ्याने डोक्याला हात लावला. लोक काय म्हणतील, इथपासून त्याने सुरुवात केली. मीही अडवलं. मला आत्ता कुठे त्या सापडल्या होत्या. कादंबरी पुन्हा सबंध लिहून काढायची होती, तिच्यासाठी हव्या होत्या हे तर उघडच आहे, पण नुसत्याही हव्या होत्या. मी म्हणाले, "तुमचे गुडघे दुखतात, तिथं पाणी कोण आणून देईल?"

"तुझ्या म्हातारीचे गुडघे दुखत न्हवते का?"

दुखत होते. मीच लिहिलं होतं.

नवरा नाइलाजाने म्हणाला, टीव्ही तरी सोबत घेऊन जा. आत्याबाईंनी मान हलवली. "टीव्ही ऱ्हाऊ दे हितंच. हिला लिवायला लागतो."

त्या गेल्यावर सात ते साडेआठ पूर्ण माझे झाले. घरात चिटपाखरू नाही, पॅड मांडीवर, आणि एक ओळ सुचेना. शेवटी मी उठून टीव्ही लावला. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं, तरी जाहिराती लागल्या की हात आपोआप चालायला लागायचा.

आत्याबाई पुढे सहा वर्षं गावात राहिल्या आणि गावातच गेल्या. पाणी शेजारच्या बाया आणून द्यायच्या. पुस्तक छापून आलं तेव्हा त्या होत्या. मी पहिली प्रत घेऊन गेले, तर त्यांनी ती हातात घेऊन वजन बघितलं आणि दिवस मावळायची वाट बघायला लावली. सात-आठ बाया दारात जमल्यावर म्हणाल्या, "आता वाच. ती गावाकडं येती, तिथून."

मी वाचायला लागले. कुलूप, अंगण, गुडघे. दोन पानं झाली असतील, तेवढ्यात शेजारची एक म्हातारी आत्याबाईंना कोपराने ढोसत म्हणाली, "आगं, ही तर तूच की!"

बाया हसायला लागल्या. मी वाचायची थांबले. पहिली साठ पानं आपण कोणत्या रागाने लिहिली होती, ते मला आठवलं, आणि मी वर बघायचं टाळलं.

"न्हाई गं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "ती टीव्हीतली हाय." मग माझ्याकडे वळून, "थांबलीस का माय? वाच की."

मी वाचू लागले. अक्षरं काही दिसत नव्हती, पण पुढची पानं पाठ होती, म्हणून निभावलं.