चिंचेच्या जागी

आफ्रिकेतल्या अभयारण्यात राहायचं कुठे, यावर आमचं महिनाभर वाजलं. ह्यांना कुंपणाआडचं हॉटेल हवं होतं. मी हट्टानं जंगलातला तंबू घेतला.

दुपारी एक म्हातारी हत्तीण थेट जेवणाच्या मांडवात आली आणि सोंडेनं रिकामी फरशी हुंगत राहिली.

"इथे चिंच होती," आचारी हळूच म्हणाला. "मांडवासाठी तोडली. लहानपणी हिला आई घेऊन यायची. चिंचांच्या दिवसांत ही अजून येते."

माझा घास हातातच राहिला. ह्यांनी तिला जागा व्हावी म्हणून आमच्या खुर्च्या मागे ओढल्या.

पुण्याला परतल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठे जायचं?" मी माहेरचा पत्ता सांगून मोकळी झाले. ते घर पाडून सात वर्षं झाली.

ह्यांनी माझी चूक दुरुस्त केली नाही. रिक्षा निघाली.