हसरे चेहरे मी चिकटवले

साहेबांनी माझ्या गळ्यात पट्टा घातला. कागदी, पिवळा, त्यावर 'आनंददूत' असं छापलेलं. चाकणच्या आमच्या कंपनीतली सकाळची मीटिंग. समोर प्रेस शॉपमधली, पत्रा दाबणाऱ्या मशीनवरची माझी अख्खी लाइन उभी.

साहेब माइकवर म्हणाले, "या लाइनवर महिनाभर एकही रडका चेहरा नाही. एवढे फ्रेश लोक! यांना दुपारच्या चहाच्या ब्रेकची गरजच काय? आजपासून बंद. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आपल्याच माणसांचा चहा गेला म्हणून टाळ्या वाजवणारा अठ्ठेचाळीस वर्षांचा सुपरवायझर. गळ्यात पट्टा. कुत्र्याला निदान कळतं तरी, पट्टा कशाला असतो.

आता सांगतोच. ते चेहरे मी चिकटवले होते.

बजेट टाइट झालं तेव्हा आधी आमची रेस्ट रूम गेली. तिथं मालाचे रॅक आले. लोक जेवणानंतर मशीनमागं खोक्यांचे पुठ्ठे पसरून पाठ टेकायला लागले. पंधरा मिनिटं. कस्टमर प्लांट बघायला येणार म्हणून साहेबांनी बुटाच्या टोकानं एक पुठ्ठा सरकवला. त्यावर निवृत्तीभाऊ झोपले होते. नांदेडकडचे, माझ्याहून मोठे, कमरेला पट्टा बांधून उभ्यानं प्रेस चालवणारे. ते धडपडून उठले. साहेब हसले. सगळे पुठ्ठे मी गोळा केले, मीच भंगारात टाकले. निवृत्तीभाऊ एवढंच म्हणाले, "राव, एक तरी ठेवायचा होता."

मग साहेबांना माणसांची काळजी सुचली. "मोटिव्हेशनला पैसा लागत नाही," म्हणाले. एसी केबिनमध्ये, फिरत्या खुर्चीत, पाय लांब करून. शॉपच्या दारात फळा लागला. आत येताना प्रत्येकानं आपल्या नावापुढं स्टिकर लावायचा. हसरा नाहीतर रडका. पहिल्या आठवड्यात रडके पडले. एकेका रडक्यामागं मला एक फॉर्म. माणूस नाराज का? मी लिहिलं, बसायला जागा नाही. फॉर्म परत आला. वर लाल पेनानं शेरा, 'बजेटबाहेरची कारणं लिहू नयेत.'

तेव्हा मी शेपूट घातली. भोसरीहून पहिल्या बसनं यायचो आणि सगळ्यांच्या नावापुढं हसरे लावून मोकळा व्हायचो. कुणी आपला स्टिकर बदलला नाही. ते दमलेले होते, मी भित्रा होतो.

मीटिंग संपली. निवृत्तीभाऊंनी माझ्या पट्ट्याकडं बघितलं.

"तुम्ही हासवलंत राव आमाला."

आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याजवळ उभा राहिलो. म्हटलं, "आज ज्याचा त्यानं लावायचा." पहिला रडका माझ्या नावापुढं मी लावला. मग निवृत्तीभाऊंनी. मग रांगच लागली. रडके स्टिकर संपले तेव्हा एकानं फळ्यावरच पेनानं वाकडं तोंड काढलं.

साहेब आले. "हे काय आहे?"

"हजेरी."

"बदला ते."

"नाही बदलणार. हसऱ्यांचा साठा तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, तुम्ही लावा. माझ्यासारखं लवकर यावं लागेल."

चोवीस तासांत लेखी खुलासा मागितला. साहेबांना वाटतं, मी माफी लिहीन. आजवरच्या सवयीनं तसं वाटणारच.

खुलासा लिहून झालाय. महिनाभराचा प्रत्येक हसरा चेहरा खोटा होता, मी चिकटवला, आणि का चिकटवला, ते त्यात आहे. बजेटबाहेरची सगळी कारणं आहेत. खाली माझी सही.

तो उद्या देणार. नोकरीचं काय ते साहेबांनी ठरवावं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी कामावर असलो, तर दोन पुठ्ठे घेऊन साहेबांच्या केबिनच्या काचेसमोर पसरणार. एक निवृत्तीभाऊंचा, एक माझा. पंधरा मिनिटं पाठ टेकणार. बूट आला, तर या वेळी मी उठणार नाही.