बाहेरचं काही

चौदा मार्चला मास्तरांच्या लघवीच्या चौथ्या तपासणीचे सहाशे ऐंशी झाले. ते माझ्या मेहुणीने भरले आणि रिपोर्ट घेऊन ती थेट आमच्या घरी आली, कपड्यांच्या बॅगेसकट.

मास्तर म्हणजे तिचा नवरा, माझा साडू. उभा जन्म बायकांचे कपडे शिवण्यात गेला. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, घरी बोलणं मोजकं. गिऱ्हाइकांशी मात्र गोड. मेहुणीला पूर्वी त्याचं कौतुक होतं.

"भाऊजी, गोळ्या संपल्या की पुन्हा इन्फेक्शन," ती म्हणाली. "मी काही कुक्कुलं बाळ नाही."

डॉक्टरांनी मास्तरांना पडद्याआड तपासताना विचारलं होतं, "बाहेरचं काही?" मास्तर म्हणाले, "होतं अधूनमधून. गिऱ्हाइकाचा आग्रह मोडवत नाही." पडद्याच्या अलीकडे मेहुणी बसली होती.

"अगं, खाण्याबद्दल म्हणाले असतील," माझी बायको म्हणाली.

"ताई, मग संडासात गेल्यावर नळ कशाला सोडून ठेवतात? फोनवर बोलणं ऐकू येऊ नये म्हणूनच ना?"

हे मलाही खटकलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसलो. मास्तर मागच्या बाजूला गेले, नळ सुरू झाला. फोन मात्र कटिंगच्या टेबलावरच होता. ते परतल्यावर विचारलं, "मास्तर, नळ कशाला?"

"तिनं पाठवलंय?"

"हो."

त्यांनी आवाज खाली आणला. "लघवीतून हवा जाते, भाऊ. बुडबुडे येतात, आवाज होतो. कधी घाणही असते. इथे शिवणाऱ्या पोरी बसलेल्या, घरी ही. कुठे तोंड दाखवू?"

बहाणा म्हणून हे इतकं चमत्कारिक होतं की खरं असावं असं वाटलं.

मेहुणीलाही बरोबर घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेलो. सर्जनबाई हसल्या नाहीत. मागे कधी पोटात डावीकडे खाली दुखून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता; पित्त म्हणून अंगावर काढला होता. सीटी स्कॅनमध्ये मूत्राशयात हवा दिसली. मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या आल्या होत्या. त्यातली एक सुजून मूत्राशयाला चिकटली आणि दोघांमध्ये आरपार वाट पडली. याला त्या फिस्टुला म्हणाल्या. घाण तिथूनच जात होती, म्हणून गोळ्यांनी तात्पुरतंच बरं वाटे.

"हवेचं आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?" सर्जनबाईंनी विचारलं.

"त्यांनी बाहेरचं विचारलं," मास्तर म्हणाले. "हे आतलं."

कॅन्सर नाही ना, हे दुर्बिणीने बघायचं होतं. तो निकाल येईपर्यंत मेहुणी आमच्याकडेच राहिली, पण मास्तरांचा डबा दोन्ही वेळा स्वतः नेऊन देई. ठेवला की लगेच परत येई. कॅन्सर नव्हता. मग आतड्याचा खराब तुकडा काढून टोकं जोडली, मूत्राशयाचं भोक शिवलं आणि ते भरून येईपर्यंत लघवीची नळी ठेवली.

नळी निघाली त्या दिवशी मेहुणीने विचारलं, "बाहेरचं म्हणजे नेमकं काय व्हायचं?"

"तळलेलं. समोरच्या हॉटेलातलं."

"कोण आग्रह करायचं?"

"रिटायर झालेल्या हेडबाई. सत्तरीच्या आहेत."

"बघून येईन मी एकदा," ती म्हणाली. माझ्या बायकोने आणलेली बॅग तिने हातातून घेतली आणि टॅक्सीत मास्तरांच्या शेजारी बसली. मी पुढे बसलो.

दारात उतरल्यावर टॅक्सीचे दोनशे वीस मी दिले. ते मास्तरांकडून अजून यायचे आहेत.